‘काय म्हणालीस?’ आणि त्यानंतरचे काही क्षण : श्राव्य संवेदनिक स्मृतीचे एक प्रकरण

प्रसंग

या प्रकरणात दोनच व्यक्ती आहेत : घरातल्या टेबलाशी बसून मुद्रिते तपासणारा धाकटा भाऊ आणि त्याच खोलीत कपाट आवरत असलेली त्याची मोठी बहीण. भावाच्या समोर आकड्यांचा एक लांबलचक तक्ता आहे. मूळ प्रतीतला आकडा वाचायचा, तो मनात धरायचा, मुद्रितातल्या त्याच रकान्यातल्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि मग पुढच्या ओळीवर जायचे, असे त्याचे काम चालू आहे. पंख्याची घरघर सोडली तर खोलीत आवाज नाही. दोघांमध्ये अंतर फार तर तीन-चार पावलांचे आहे आणि दोघांच्याही कानांत दोष नाही. तासाभरात बहीण भावाला तीनदा काहीतरी विचारते आणि तिन्ही वेळा फळ निराळे मिळते.

पहिल्या वेळी ती विचारते, “अरे, त्या मोठ्या कुलपाची चावी कुठे ठेवलीस?” भाऊ मान वर न करता म्हणतो, “काय म्हणालीस, ताई?” ताई प्रश्न पुन्हा विचारण्यासाठी तोंड उघडते, तोवर त्याचे उत्तर येते : “वरच्या खणात, डावीकडे.” उत्तर अचूक असते. ताईला मात्र राग येतो, कारण ऐकले होते तर पुन्हा विचारले कशाला, हे तिला कळत नाही.

दुसऱ्या वेळी ती म्हणते, “तो निळा गठ्ठा बांधायचा की सुटाच ठेवायचा?” आणि आधीच्या अनुभवावरून शहाणी होऊन, उत्तराची वाट न पाहता लगेच जोडते, “ऐकतोयस ना?” भाऊ वर पाहून “हो, ऐकतोय” असे म्हणतो; पण विचारले काय, ते त्याला सांगता येत नाही. गठ्ठ्याविषयी काहीतरी होते, एवढेच त्याच्या हाती लागते.

तिसऱ्या वेळी तो तक्त्याच्या शेवटच्या ओळींवर आलेला असतो. ताई विचारते, “ही खालची चावी कशाची?” आणि गप्प राहते. तो हातातली ओळ पुरी करतो, पेन्सिलीने खूण करतो आणि मग मान वळवून विचारतो, “काठी? कोणती काठी?”

नमुन्यादाखल मांडलेला हा प्रसंग मुद्दामच इतका साधा घेतला आहे. ध्वनींची अल्पजीवी स्मृती, म्हणजेच श्राव्य संवेदनिक स्मृती, प्रयोगशाळेत मोजली गेली हे खरे, पण तिचे काम अशा बिनमहत्त्वाच्या बोलण्यातच सर्वांत उघडे पडते. एकाच खोलीत, त्याच दोन व्यक्तींमध्ये, एकदा सगळे हाती आले, एकदा शेपूट गळाले आणि एकदा शब्दच बदलला. या तीन निष्पत्तींचा उलगडा एकाच यंत्रणेतून होतो का, हे येथे पाहायचे आहे.

ऐकणे आणि अवधान

ताईची तक्रार तर्काला धरून आहे, पण तिच्यामागचे गृहीतक टिकत नाही. ऐकणे ही एकसंध क्रिया असून ती एक तर घडते किंवा घडत नाही, असे ती धरून चालते. प्रत्यक्षात कानावर ध्वनी पडणे आणि त्या ध्वनीकडे अवधान वळणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यात काही क्षणांचे अंतर पडू शकते. या अंतरात ध्वनीचा ठसा जेथे थांबून राहतो, त्या साठवणीला उल्रिक नायसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये दिलेले नाव मराठीत प्रतिध्वनी-स्मृती असे सांगता येईल. निरीक्षण त्याहून जुने आहे. विल्यम जेम्स यांच्या १८९० च्या मानसशास्त्रावरील ग्रंथात झिग्मुंट एक्सनर यांचे एक निरीक्षण येते : कामात गढलेल्या माणसाला घड्याळाचे टोले ऐकू येत नाहीत, पण टोले नुकतेच संपलेले असताना तो भानावर आला, तर ते टोले त्याला मागाहून मोजता येतात. मोजता येतात, याचा अर्थ ते कुठेतरी शिल्लक होते.

डोळ्यांना अशा साठवणीची गरज कानांइतकी पडत नाही. भावाच्या समोरचा तक्ता जागचा हलत नाही; नजर चुकली तर ती मागे नेता येते. ध्वनीला ही सोय नाही, कारण तो काळातच पसरलेला असतो आणि उच्चारला जाता जाता संपतो. सर्वसाधारण बोलण्यात सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारली जातात, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग येतो. ताईच्या पहिल्या प्रश्नाला दोन-तीन सेकंद सहज लागले असतील. त्यातही मराठी वाक्याची ठेवण अशी की क्रियापद बहुधा शेवटी येते. चावी ठेवलीस, हरवलीस की दिलीस, हे कळेपर्यंत ‘मोठ्या कुलपाची’ हा भाग धरून ठेवावाच लागतो. पूर्ण लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाही हे चुकत नाही. त्यामुळे प्रतिध्वनी-स्मृती म्हणजे बेसावध माणसासाठी ठेवलेली आपत्कालीन तरतूद, असा समज करून घेऊ नये. ती नेहमीच चालू असते; बेसावध क्षणी ती फक्त वेगळी दिसून येते.

लक्ष नसलेल्या बोलण्यातले किती आत पोहोचते, याचा पद्धतशीर शोध कॉलिन चेरी यांच्या १९५३ च्या प्रयोगांपासून सुरू झाला. दोन कानांत दोन वेगळी निवेदने ऐकवायची आणि एका कानातले निवेदन श्रोत्याने ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत जायचे, अशी ती रीत होती. दुसऱ्या कानात बोलणे चालू होते, आणि आवाज पुरुषाचा होता की स्त्रीचा, एवढे लोकांना सांगता येई. पण त्या बोलण्याचा मजकूर जवळजवळ काहीच सांगता येत नसे. यावरून न लक्षिलेले बोलणे वाटेतच गळते, असे अनुमान काढणे सोपे होते. ते अर्धेच बरोबर ठरले, कारण प्रश्न कधी विचारला, यावर बरेच अवलंबून होते. ग्लक्सबर्ग आणि कोवेन यांनी १९७० मध्ये न लक्षिलेल्या कानातल्या मजकुरात मधूनच एखादा अंक पेरला आणि त्यानंतर वेगवेगळ्या अंतराने दिव्याची खूण करून आता अंक ऐकू आला होता का, असे विचारले. आपण होऊन अंक क्वचितच कोणाच्या लक्षात येई. खूण लगेच झाली, तर मात्र बऱ्याच वेळा तो सापडे. पाच सेकंदांच्या आसपास ही शक्यता जवळजवळ संपुष्टात येई. आपल्या प्रसंगाशी सर्वांत जवळचा प्रयोग हाच आहे. तिथल्या दिव्याचे काम येथे ताईच्या बोलण्यानंतर पडलेल्या शांततेने केले.

किती वेळ?

सर्वांना पडणारा हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, कारण मोजण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलते.

जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये दृश्यांसाठी एक युक्ती काढली होती. अक्षरांचा तक्ता क्षणभर दाखवायचा आणि तो मिटल्यानंतर खुणेने एकच ओळ विचारायची. कोणती ओळ विचारली जाणार हे आधी माहीत नसतानाही ती ओळ बरीचशी सांगता आली, तर त्या क्षणी संपूर्ण तक्ताच मनात होता, असे म्हणता येते. हीच युक्ती ध्वनीसाठी मोरे, बेट्स आणि बार्नेट यांनी १९६५ मध्ये आणि डार्विन, टर्व्ही आणि क्राउडर यांनी १९७२ मध्ये वापरली. दुसऱ्या प्रयोगात श्रोत्याला हेडफोनमधून डावीकडून, उजवीकडून आणि मधोमध अशा तीन ठिकाणांहून एकाच वेळी अंक व अक्षरे ऐकवली गेली, प्रत्येक ठिकाणाहून तीन. नंतर डोळ्यांना दिसणारी खूण करून त्यांपैकी एकाच ठिकाणचे सांगायला लावले. खूण तत्काळ मिळाली तर थोडा फायदा दिसे, आणि खूण लांबत गेली तसा तो ओसरून चार सेकंदांपाशी जवळपास नाहीसा होई. हा फायदा दृश्यांच्या तुलनेत लहान होता, हे येथे नोंदवले पाहिजे. लोकप्रिय लेखनात चार सेकंदांचा आकडा उचलला जातो आणि ही गोष्ट वगळली जाते.

ॲन ट्रीजमन यांच्या १९६४ च्या कामात वेगळाच आकडा मिळतो. दोन्ही कानांत एकच निवेदन, पण एकात थोडे पुढे आणि एकात थोडे मागे, असे ऐकवले असता दोन्ही निवेदने एकच आहेत हे श्रोत्याला कधी कळते, ते त्यांनी पाहिले. न लक्षिलेले निवेदन पुढे असेल, तर अंतर दीड सेकंदाच्या आत आल्याशिवाय साम्य लक्षात येत नसे. लक्ष असलेले निवेदन पुढे असेल, तर साडेचार सेकंदांच्या अंतरावरही ते कळे. लक्ष दिल्याने ठसा अधिक टिकतो, असा याचा सरळ अर्थ. उलट दिशेने पाहिले, तर एका छोट्या स्वरामागून लगेच दुसरा स्वर वाजवून पहिल्याची ओळख बिघडवता येते, आणि हा उपद्रव पाव सेकंदाच्या आसपास थांबतो, असे डॉमिनिक मॅसारो यांनी १९७० मध्ये दाखवले. म्हणजे पाव सेकंद, दीड सेकंद, चार सेकंद असे सगळेच आकडे खरे आहेत.

हा गुंता नेल्सन काउअन यांनी १९८४ मध्ये दोन टप्पे मानून सोडवण्याचा प्रयत्न केला. पहिला टप्पा दोनशे ते तीनशे मिलिसेकंदांचा असून त्यात ध्वनी जणू अजून वाजतोच आहे असा भास टिकतो. दुसरा टप्पा कित्येक सेकंदांचा, काउअन यांच्या मते दहा-वीस सेकंदांपर्यंतही जाऊ शकणारा असून त्यात ध्वनी ‘नुकताच वाजला’ अशा रूपात, अर्धवट प्रक्रिया झालेल्या अवस्थेत उरतो. भावाच्या उपयोगी पडला तो दुसरा टप्पा. पहिल्याचा संबंध अक्षर ओळखण्याशी आहे, प्रश्न आठवण्याशी नाही. ‘कानात घुमत राहिले’ असे ज्याला म्हटले जाते, ते बहुधा या दोहोंचे मिश्रण असते.

मेंदूच्या विद्युतलहरींतूनही याला दुजोरा मिळतो, आणि योगायोगाने तेथील माणसेही वाचतच बसलेली असतात. फिनलंडचे रिस्तो नेटेनेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये ‘मिसमॅच निगेटिव्हिटी’ या प्रतिसादाचे वर्णन केले. एकसारखे स्वर वाजत असताना मधूनच एखादा वेगळा स्वर आला, की ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर लावलेल्या विद्युतअग्रांनी टिपलेल्या मेंदूच्या लहरींच्या, आलेखात साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांनी एक ऋण लाट उमटते. त्या वेळी व्यक्तीने स्वरांकडे लक्ष द्यावे लागत नाही. उलट तिला पुस्तक वाचायला किंवा मूक चित्रपट पाहायला सांगण्याचाच प्रघात आहे. आधीच्या स्वरांचा ठसा शिल्लक असल्याखेरीज नवा स्वर ‘वेगळा’ ठरू शकत नाही, म्हणून दोन स्वरांमधले अंतर वाढवत नेऊन ठशाचे आयुष्य मोजता येते. प्रौढांमध्ये ही लाट दहा सेकंदांच्या आसपासच्या अंतरापर्यंत मिळाल्याची नोंद आहे. लू, विल्यमसन आणि कॉफमन यांनी १९९२ मध्ये चुंबकीय मापनाने असेही दाखवले, की श्रवण-बाह्यकातला, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरील ऐकण्याशी संबंधित भागातला, ठसा ज्याच्यात जास्त काळ टिकतो, त्याला ध्वनीची तीव्रताही जास्त काळ बिनचूक आठवते. माणसामाणसांत फरक असतो, हा त्यातला महत्त्वाचा भाग. एकाच घरातल्या दोघांपैकी एकाला पाच सेकंदांनंतरही प्रश्न हाती लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही, यामागे बेपर्वाईच असली पाहिजे असे नाही.

पहिला प्रश्न : ‘काय म्हणालीस?’ कशासाठी

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. ताईचा आवाज थांबला त्या क्षणी भावाच्या आकड्यांच्या कामात खंड पडला आणि त्याचे अवधान सुटून मागे वळले. ‘काय म्हणालीस?’ हे शब्द सवयीने, जवळजवळ आपोआप बाहेर आले. त्यांना विचार लागला नाही. ते शब्द तोंडातून निघत असतानाच उरलेल्या ठशाचे वाचन सुरू झाले होते, आणि ताई दुसऱ्यांदा बोलण्याआधी ते पुरे झाले. मला वाटते, या दोन शब्दांचे खरे काम माहिती मागण्याचे नसून वेळ मिळवण्याचे आहे. समोरचा माणूस त्यांचा शब्दशः अर्थ घेतो आणि म्हणून चिडतो.

येथे एक आक्षेप घेता येईल. प्रतिध्वनी-स्मृतीवर नवा ध्वनी पडला की जुना ठसा बिघडतो, तर मग भावाच्या स्वतःच्या ‘काय म्हणालीस, ताई?’नेच ताईचा प्रश्न पुसला कसा गेला नाही? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या चर्चेत मिळते.

दुसरा प्रश्न : ‘ऐकतोयस ना?’ने काय केले

रॉबर्ट क्राउडर आणि जॉन मॉर्टन यांनी १९६९ मध्ये श्राव्य साठवणीची जी मांडणी केली, तिचा मुख्य आधार एक साधा परिणाम होता. अंकांची यादी ऐकून ती क्रमाने म्हणायची असेल, तर शेवटचे अंक चांगले आठवतात. डोळ्यांनी वाचलेल्या यादीत हा फायदा फारसा दिसत नाही. पण ऐकवलेल्या यादीच्या शेवटी एक निरर्थक पुरवणी जोडली, उदाहरणार्थ ‘शून्य’ हा शब्द, आणि हा शब्द लक्षात ठेवायचा नाही असे आधी बजावले, तरी शेवटच्या अंकाचा फायदा नाहीसा होतो. पुरवणीच्या जागी बझर वाजवला तर तसे होत नाही. पुढे मॉर्टन, क्राउडर आणि प्रसिन यांनी १९७१ मध्ये दाखवले, की पुरवणी यादीच्याच आवाजात आणि त्याच दिशेने आली तर नुकसान सर्वाधिक होते. आवाज किंवा दिशा बदलली की ते कमी होते.

ताईचे ‘ऐकतोयस ना?’ या नियमात चपखल बसते. बोलणारी तीच, दिशा तीच, स्वर तोच, आणि प्रश्नामागून क्षणाचीही उसंत नाही. ओल्या पाटीवरच्या अक्षरांवर त्याच खडूने पुन्हा लिहावे, तसे झाले. भावाचे स्वतःचे ‘काय म्हणालीस?’ मात्र वेगळ्या आवाजातले, वेगळ्या ठिकाणचे होते, आणि तोवर ठशाचे वाचनही सुरू झालेले होते. म्हणून पहिल्या वेळी नुकसान झाले नाही किंवा झाले तरी दिसण्याइतके झाले नाही.

काय गेले आणि काय राहिले, हेही बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘गठ्ठा’ राहिला; ‘बांधायचा की सुटाच ठेवायचा’ हा वाक्याचा शेवट गेला. निव्वळ वेळेने ठसा विरला असता, तर आधी उच्चारलेला भाग आधी जायला हवा होता. येथे उलट झाले, आणि पुरवणी शेवटच्या घटकालाच मारते या निष्कर्षाशी ते जुळते. ‘गठ्ठा’ कसा वाचला, याचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे लागेल. न लक्षिलेल्या बोलण्यातले काही शब्द क्षीण रूपात का होईना, अर्थापर्यंत पोहोचतात, ही ट्रीजमन यांची भूमिका येथे उपयोगी पडते.

या मांडणीला मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. साठवण निव्वळ ध्वनीची असेल, तर पुरवणीचा परिणाम तिच्या ध्वनिगुणांवरच ठरायला हवा. आयर्स आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये एकच ध्वनी काहींना मानवी उच्चार म्हणून आणि काहींना वाद्याचा आवाज म्हणून ऐकवला, तेव्हा उच्चार समजणाऱ्यांचे नुकसान अधिक झाले. कॅम्पबेल आणि डॉड यांना १९८० मध्ये आवाजाविना केवळ ओठांच्या हालचाली वाचून घेतलेल्या यादीतही शेवटच्या घटकांचा फायदा मिळाला. त्यामुळे ज्याला आपण ध्वनीचा ठसा म्हणतो, त्यात ‘हे माणसाचे बोलणे आहे’ ही ओळख आधीच मिसळलेली असावी, असे मानणे भाग पडते. ताईच्या जागी पंख्याने खडखड केली असती, तर भावाचे काही बिघडले नसते, हे मात्र दोन्ही मांडण्यांत सारखेच राहते.

तिसरा प्रश्न : चावीची काठी

‘चावी’ची ‘काठी’ झाली, ती कशीही झाली नाही. दोन्ही शब्दांतले स्वर तेच आहेत, आधी ‘आ’ आणि मग ‘ई’. बदलली ती व्यंजने. स्वर लांब, जोरकस आणि स्थिर असतात, तर ‘क’, ‘च’, ‘ट’ यांसारखी व्यंजने सेकंदाच्या अगदी लहान भागात उरकतात. क्राउडर यांनी १९७१ मध्ये नोंदवले, की केवळ स्पर्श-व्यंजनांनी, म्हणजे ‘प’, ‘ट’, ‘क’ यांसारख्या हवा क्षणभर अडवून उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनांनी, वेगळी ठरणारी अक्षरे यादीत दिली, तर शेवटच्या घटकाचा फायदा जवळजवळ दिसत नाही. स्वरांनी वेगळी ठरणारी दिली, तर तो दिसतो. साठवणीत स्वर टिकतात आणि व्यंजने आधी झिजतात, असा याचा बोध घेतला, तर भावाच्या हाती काही सेकंदांनंतर ‘–आ–ई’ एवढाच सांगाडा उरला आणि मोकळ्या जागा त्याने ओळखीच्या शब्दाने भरल्या, असे म्हणता येते.

पण दुसरी शक्यताही तपासली पाहिजे. पंख्याच्या घरघरीत व्यंजन मुळातच अस्पष्ट ऐकू आले असेल, तर दोष साठवणीचा नसून ग्रहणाचा ठरेल. पहिल्या प्रश्नाच्या वेळी पंखा तसाच चालू होता आणि ‘चावी’ बरोबर कळली, हा या शक्यतेविरुद्धचा पुरावा आहे. तो निर्णायक मात्र नाही, कारण त्या वाक्यात ‘कुलपाची’ हा शब्द आधी आलेला होता आणि कुलपाला काठी नसते. संदर्भाने शब्द सावरला. तिसऱ्या प्रश्नात असा आधार नव्हता. दोन्ही वेळांतला दुसरा फरक विलंबाचा : पहिल्या वेळी अवधान लगेच वळले, तिसऱ्या वेळी ओळ पुरी होईपर्यंत थांबले. माझा कल विलंबाला अधिक आणि संदर्भाच्या अभावाला त्याखालोखाल जबाबदार धरण्याकडे आहे. ताईने ओळीच्या मध्येच, विलंबाविना उत्तर मागितले असते आणि तरीही ‘काठी’च ऐकू आली असती, तर पंख्याकडे बोट दाखवावे लागले असते.

तक्त्याचे काय झाले

प्रकरणाची ही बाजू ताईला दिसत नाही. तिन्ही वेळा भावाला हातातली ओळ पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहावी लागली, अगदी जेथे त्याने प्रश्न ‘ऐकला नाही’ असे म्हटले जाईल, तेथेही. सालामे आणि बॅडली यांनी १९८२ मध्ये दाखवले, की डोळ्यांनी वाचलेले अंक क्रमाने लक्षात ठेवत असताना पार्श्वभूमीला माणसाचे बोलणे चालू असेल, तर ते ऐकायचे नाही असे ठरवूनही आठवण बिघडते. आकडे मनातल्या मनात उच्चारून धरलेले असतात आणि बाहेरचे बोलणे त्याच जागेत शिरते. त्याला दारात अडवता येत नाही. पंख्यासारखा एकसुरी आवाज तासभर चालला तरी हा त्रास देत नाही. म्हणून ‘लक्षच नव्हते तर व्यत्यय कसला?’ हा ताईचा दुसरा संभाव्य आक्षेपही टिकत नाही.

व्यवहारात

या प्रसंगात एकच गोष्ट बदलायची असेल, तर ती ताईच्या बाजूने बदलणे सोपे आहे : प्रश्न विचारल्यावर दोन सेकंद काहीही न बोलणे. ‘काय?’ ऐकल्याबरोबर प्रश्न पुन्हा विचारला, तर भावाचे चालू असलेले वाचन मोडते आणि दोघांनाही वाटते, की पहिल्यांदा त्याने ऐकलेच नव्हते. प्रश्न पुन्हा विचारायचाच असेल, तर शेवटचे दोन-तीन शब्द बदलून न विचारता तेच वाक्य तसेच म्हणावे, म्हणजे उरलेला ठसा आणि नवे वाक्य यांची सांगड बसते. हे शेवटचे मात्र माझे अनुमान आहे, मोजलेला निष्कर्ष नव्हे.

नाव घेऊन हाक मारणे आणि क्षणभर थांबून मग विचारणे, हा उपाय सर्वांना सुचतो. न लक्षिलेल्या कानात स्वतःचे नाव आले तर काहींना ते कळते, हे नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये दाखवले आणि तेव्हापासून नावाच्या सामर्थ्याविषयी बरीच अतिशयोक्ती झाली. वुड आणि काउअन यांनी १९९५ मध्ये तो प्रयोग काटेकोरपणे पुन्हा केला, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांनाच आपले नाव ऐकू आल्याचे आढळले. कॉनवे, काउअन आणि बंटिंग यांच्या २००१ च्या प्रयोगात तर कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम चालू असताना माहिती मनात धरून वापरणाऱ्या स्मृतीची, क्षमता कमी असलेल्यांनाच ते अधिक वेळा ऐकू आले, कारण हातातल्या कामाबाहेरचे रोखून धरणे त्यांना कमी जमते. तेव्हा नावाने हाक मारूनही भाऊ वळला नाही, तर तो कामात किती गढला आहे, एवढेच त्यावरून कळते.

भावाच्या बाजूने ओळ अर्धवट सोडणे किंवा ‘थांब’ म्हणून ओळ पुरी करणे, असे दोनच पर्याय उरतात. ‘थांब’ म्हटल्यावर प्रश्न आपोआप टिकेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तो मनात एकदा तरी उच्चारून घेतला, तर तो संवेदनिक साठवणीतून निघून कार्यकारी स्मृतीत जातो आणि तेथे पुन्हा पुन्हा म्हणून धरता येतो. त्यासाठी आकडा सोडावा लागतो. दोन्ही एकदम धरणे तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी जमले नाही, आणि ते बहुतेकांना जमत नाही.

वयाचा मुद्दा येथे थोडक्यात यायला हवा. लहान मुलांत हा ठसा प्रौढांपेक्षा लवकर विरतो आणि वयाबरोबर त्याचे आयुष्य वाढत जाते. उतारवयात, विशेषतः ध्वनींमधले अंतर मोठे असेल तर, तो पुन्हा कमी टिकतो. आठ वर्षांच्या मुलाने खेळाच्या तंद्रीत ‘काय?’ म्हटले आणि त्यानंतर उत्तर आले नाही, तर त्याच्याकडून भावासारख्या उलगड्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

शेवटी, हे प्रकरण ज्या एका गोष्टीशी गल्लत करू नये, ती म्हणजे श्रवणदोष. भाऊ ‘काय म्हणालीस?’ विचारतो आणि प्रश्न पुन्हा न ऐकता बरोबर उत्तर देतो. म्हणजे त्याच्या कानांनी आपले काम केले होते. याउलट एखादी व्यक्ती समोरासमोर, दुसरे काहीही करत नसताना पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारत असेल, प्रश्न दुसऱ्यांदा ऐकल्यावरच तिला उत्तर देता येत असेल, विलंब न होताही ‘चावी’च्या जागी ‘काठी’ ऐकू येत असेल आणि गोंगाटात हे वाढत असेल, तर तेथे स्मृतीचे स्पष्टीकरण लावत न बसता ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेची तपासणी, करून घ्यावी. भावाच्या बाबतीत तशी चाचणी सुचवण्याजोगे या तासाभरात काही घडलेले नाही.